आपले राहणे आणि आपली चळवळ: कार्यकर्त्याच्या घरगुती आयुष्याला अट घालावी का?

नेर_तलाव (खटाव तालुका, जि. सातारा)

नमस्कार. प्रश्न लांबणारा आहे, पण सगळी हकिगत सांगितल्याशिवाय त्यातला पेच लक्षात येणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या गावात चार वर्षांपासून तेवीस जणांचा एक पाणी गट आहे. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार आणि चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या, शेपटाकडच्या शेतांना त्यातले किती मिळणार हे लेखी जाहीर व्हावे, आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही अशा कुटुंबांचाही पाण्यावरचा हक्क मान्य व्हावा, या दोन मागण्यांसाठी आम्ही ग्रामसभेत बोलतो, अर्ज करतो, वेळ पडल्यास धरणे धरतो. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे आणि गटाचे दप्तर माझ्याकडे असते.

गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मुलीचे लग्न गेल्या एप्रिलमध्ये झाले. त्यांना इथे मी अण्णा म्हणते. अण्णांइतका कालव्याचा अभ्यास आमच्यापैकी कोणाचाच नाही. कोणत्या चारीला किती वेळ पाणी सुटले याच्या नोंदी त्यांनी वह्यांमध्ये स्वतःच्या हाताने करून ठेवल्या आहेत आणि त्या वह्यांच्या जोरावरच आमचे अर्ज उभे राहतात. त्याच अण्णांनी मुलीच्या लग्नाला दोन हजार पाने उठवली. मी त्या लग्नाला गेले होते. मांडवाच्या मागे दोन टँकर उभे होते. एकाचे पाणी स्वयंपाकाला होते. दुसऱ्याचे पाणी, वऱ्हाडाच्या गाड्यांमुळे उडणारा फुफाटा बसावा म्हणून, एक मुलगा नळी धरून रस्त्यावर मारत होता आणि रस्त्यापलीकडे वस्तीवरच्या चार बायका रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन ते पाणी मातीत जिरताना बघत उभ्या होत्या. त्यांतली एक आमच्या गटाची सभासद आहे. तिची आणि माझी नजरानजर झाली, आणि मला पंगतीला बसवेना.

पुढच्या बैठकीत तरुण सभासदांनी अकरा कलमांचे प्रतिज्ञापत्र मांडले. हुंडा घेणार-देणार नाही, लग्नाला दीडशेपेक्षा जास्त माणसे बोलावणार नाही, दारू-तंबाखूला शिवणार नाही, प्लास्टिकची पिशवी वापरणार नाही, गावात सायकलनेच फिरेन अशी ही कलमे आहेत. अकरावे कलम शाकाहाराचे आहे. ज्याची सही नाही तो सभासद नाही, असा त्यांचा आग्रह आहे. सही मागितल्यावर अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यानंतरच्या दोन बैठकांनाही ते आले नाहीत.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माणूस घरात कसा राहतो ही गोष्ट चळवळीत प्रवेशाची अट असावी का? आणि दुसरे म्हणजे, अशा वैयक्तिक निर्णयांनी समाजात खरोखर काही हलते का? कारण गेल्या तीन बैठका या प्रतिज्ञापत्रावर खर्ची पडल्या आणि तेवढ्या काळात उन्हाळी आवर्तनाचा अर्ज लिहायचा राहून गेला. ही चूक माझीही आहे, दप्तर माझ्याकडेच असल्यामुळे. पण माझ्या डोळ्यांसमोरून त्या घागरीही जात नाहीत.

जुना_फळा (पलूस तालुका, जि. सांगली)

ताई, आपला प्रश्न वाचून मला माझ्या आईचे लग्न आठवले. म्हणजे तिने सांगितलेले.

मी कुंडलच्या परिसरातला, रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतून शिकवून निवृत्त झालेला माणूस. १९४२ ते १९४६ या काळात आमच्या भागात प्रतिसरकार होते. तेव्हा हा सगळा सातारा जिल्हाच होता; दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा काढला गेला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी ब्रिटिशांच्या विरोधात लढत होते हे सर्वांना माहीत असते, पण त्याच लढाईच्या पोटात त्यांनी गावोगावी ‘गांधी लग्ने’ लावली हे आजच्या मुलांना सांगावे लागते. कुंडलचे जी. डी. बापू लाड यांनी १९४५ मध्ये स्वतःचे लग्नही असेच केले. माझ्या आईवडिलांचे लग्न त्याच उन्हाळ्यातले. आई सांगायची की देवळापुढे घोंगडी अंथरली होती, सुताचे दोन हार होते, आणि आलेल्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. हुंडा नव्हता, मानपान नव्हता, रुखवत नव्हते. ती हे सांगताना तिच्या आवाजात उणेपणाचा लवलेशही नसायचा, कारण थोरल्या आत्याच्या लग्नात गहाण पडलेले दोन एकर रान आजोबांना पुन्हा कधीच सोडवता आले नव्हते आणि या लग्नात उरलेले रान शाबूत राहिले होते.

आता यातून मी काय घेतो ते सांगतो. ते साधे लग्न म्हणजे नुसती साधेपणाची हौस नव्हती. त्या काळी शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाण्याच्या वाटांपैकी लग्नखर्च ही एक मोठी वाट होती, आणि प्रतिसरकारने ती वाट दोन्ही टोकांनी अडवली. एका टोकाला गांधी लग्ने होती आणि दुसऱ्या टोकाला प्रतिसरकारची न्यायदान मंडळे होती, जिथे सावकाराने बळकावलेल्या जमिनीचे तंटे चालत. वडिलांनी एकट्याने असे लग्न ठरवले असते तर भावकीने त्यांना खुळ्यात काढले असते. सगळ्या पंचक्रोशीत अशी लग्ने लागत होती म्हणून ते शक्य झाले.

दुसरी गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सगळ्या जातींची मुले एका छताखाली ठेवली, एका पंगतीला बसवली. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि छत्रपती शाहूंच्या नावाने त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. मुलांसाठी धान्य उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. जेवणाइतकी खासगी गोष्ट दुसरी नाही, आणि त्या एका पंगतीने जातीच्या प्रश्नावर जे केले ते शंभर भाषणांनी झाले नसते. म्हणून मी आपल्या तरुण सभासदांच्या बाजूने थोडा झुकतो. प्रतिज्ञापत्र असावे. पण अकरा कलमे नकोत. ज्या गोष्टीमुळे आपल्याच माणसाचे रान, पाणी किंवा मान जातो तेवढीच ठेवावीत.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

सरांच्या मताला पुष्टी देतो, किंबहुना मी त्याहून कडक आहे. आमच्याकडे दारूबंदीसाठी उपोषणाला बसलेले एक गृहस्थ सहा महिन्यांनी धाब्यावर पिताना दिसले. त्यानंतर त्या मागणीसाठी गावातून पन्नास सह्यासुद्धा मिळेनात. मागणी तीच होती, कारणे तीच होती, पण ती मागणाऱ्याचे तोंड लोकांना खोटे वाटू लागले होते. लोक कायद्याची कलमे वाचत नाहीत, ते माणूस वाचतात. आपल्या गटाने अण्णांना क्षमा करावी, पण सही घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अग्रणीकाठची (कवठे महांकाळ तालुका, जि. सांगली)

जुना फळा सरांनी आईंच्या लग्नाची जी हकिगत लिहिली ती मी माझ्या मुलीला वाचून दाखवली. तरीही एक गोष्ट आदरपूर्वक मांडावीशी वाटते. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो आणि ती सांगितलीच पाहिजे. पण चळवळीसाठी घरातले काय मोडायचे हा प्रश्न आला की पहिला हात बाईच्या गळ्याकडे का जातो, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. अकरा कलमांपैकी प्रत्यक्ष राबणूक कोणाच्या वाट्याला येणार ते पाहा. प्लास्टिक नको म्हटले की कापडी पिशव्या शिवणार कोण, धुणार कोण? बाजारातले तयार नको म्हटले की घरात कांडणार, दळणार कोण? नवरा सही करून बैठकीला निघून जातो आणि त्या सहीचे ओझे चुलीपाशी येऊन पडते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी स्त्रीमुक्ती चळवळीने ‘जे वैयक्तिक तेच राजकीय’ असे म्हटले तेव्हा तिचा अर्थ प्रत्येकीने आपापल्या घरात आदर्श वागावे असा नव्हता. घरात जे सोसावे लागते ते नशीब नसून व्यवस्था आहे, म्हणून त्याबद्दल चारचौघींनी एकत्र येऊन बोलले पाहिजे, असा तो अर्थ होता.

दारूचाच अनुभव सांगते, कारण वर कोयनाकाठ यांनी तो विषय काढला आहे. आमच्या गावात आधी सगळे उपाय माणसाच्या मनावर सोडलेले होते. एका आषाढीला नऊ पुरुषांनी माळ घातली. गावाने त्यांचा सत्कार केला, बायकांनी ओवाळले. दिवाळीपर्यंत त्यांतल्या पाच जणांच्या गळ्यात माळ उरली नव्हती. ती माणसे खोटी नव्हती. एसटी थांब्यावरून वाडीकडे येणारी वाट देशी दारूच्या दुकानासमोरूनच जाते, दिवसभराची मजुरी खिशात असते, आणि रोज संध्याकाळी त्या एकट्या माणसाला त्या दुकानाशी पुन्हा नव्याने लढावे लागते. रोज जिंकायचे, आणि एक दिवस हरले की सगळे हरले.

मग दुकान बंद करण्यासाठी आम्ही गावात मतदान मागितले. नियम असा आहे की गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हावर, शिक्का मारला पाहिजे. आलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक असून भागत नाही. म्हणजे जी घरी बसली तिचे मत दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखेच. त्या दिवशी हळदीच्या कामावरच्या बायका पिवळे हात तसेच घेऊन रांगेत उभ्या होत्या. एका म्हातारीला नातवाने मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून सुनेने धरून आणले. तिचा मुलगा दारूनेच गेला होता. शिक्का मारून बाहेर आल्यावर तिने मला विचारले, “आडवी म्हंजी पाडल्याली ना गं?” तिला खात्री करून घ्यायची होती.

दुकान बंद झाले. चोरून विक्री आजही होते, ते लपवत नाही. पण माळ सोडलेल्यांपैकी दोघांनी पुन्हा घातली आणि ती टिकली आहे. दुकान वाटेतून हटले तेव्हाच त्यांच्या मनाच्या निश्चयाला टिकायला जागा मिळाली. म्हणून माझे उत्तर कोयनाकाठ यांच्या उलट आहे. आधी माणूस शुद्ध, मग मागणी, असा क्रम धरला तर मागणी कधीच पुढे जाणार नाही, कारण ज्यांना त्या मागणीची सर्वांत जास्त गरज आहे तीच माणसे तुमच्या परीक्षेत नापास होतील.

एक उदाहरण मात्र सरांच्या बाजूचे देते. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसेच करण्याचे परिपत्रक काढले. कपाळावर काय लावायचे याहून वैयक्तिक काय असेल? पण एकटी बाई ते ठरवू शकत नव्हती. ठराव झाल्यावर तिला “मी नाही पुसणार” असे म्हणताना पाठीशी टेकायला काहीतरी मिळाले.

निळी_पहाट (मिरज)

अकराव्या कलमाविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून मी लिहितो. ते कलम काढून टाका. त्यावर चर्चासुद्धा ठेवू नका. जमीन नसलेल्यांच्या पाणीहक्कासाठी लढणाऱ्या गटात जमीन नसलेल्यांच्या ताटाला नैतिक परीक्षा लावली जात असेल तर ते कुटुंब त्या गटात कशासाठी येईल? आपल्याकडे कोण काय खातो हे कधीच केवळ आवडीनिवडीचे राहिलेले नाही. त्यावरून खोली भाड्याने मिळते किंवा नाकारली जाते.

राहणीमान आणि राजकारण यांचा संबंध आमच्या समाजाला कोणी शिकवावा लागला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले त्यात लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने घालू नयेत, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नये, मुलींना शिकवावे अशाच गोष्टी होत्या. वरवर पाहता हा घरगुती उपदेश आहे. पण लुगडे कुठवर नेसायचे हेसुद्धा जातीने ठरवून दिलेले होते, त्यामुळे ते घोट्यापर्यंत नेसणे म्हणजे गावाची आज्ञा मोडणे होते. मेलेली गुरे ओढणे नाकारल्यावर गावोगावी आमच्या लोकांवर बहिष्कार पडले, कामे तुटली, वाटा बंद झाल्या. ज्या बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातले आणि तिथेच वर्गाबाहेरच्यासारखे बसण्याचा अनुभव घेतला, त्यांना हे पक्के माहीत होते की नुसते कपडे बदलून वतनाची वेठ संपणार नाही. म्हणून ते दुसऱ्या बाजूने १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडत होते. लुगडे आणि बिल, दोन्ही एकाच माणसाच्या कामात होते आणि एकासाठी दुसरे थांबवलेले नव्हते.

त्याआधीही हेच दिसते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा ते लग्न त्या दोन घरांचे राहिले नाही. ओतूरला आपली दक्षिणा बुडाली म्हणून ग्रामजोशी कोर्टात गेले आणि तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. घरातल्या एखाद्या निर्णयाला राजकीय म्हणायचे की नाही याची माझी कसोटी यावरूनच आहे. त्या निर्णयाने कोणाचा तरी मिळणारा हक्काचा हप्ता थांबला का, आणि तो माणूस तुमच्याविरुद्ध उभा राहिला का? दुकानातून महागडी सेंद्रिय डाळ आणल्याने कोणीही तुमच्या दारात जाब विचारायला येत नाही. ती डाळ खाण्यास माझी हरकत नाही, फक्त तिला लढा म्हणू नये.

आता अण्णांच्या लग्नाविषयी. अण्णा कोणत्या समाजाचे ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. पण साधेपणाचे कलम सर्वांना सारखे लागत नाही एवढे लक्षात ठेवा. ज्यांच्या नवरदेवाला घोड्यावर बसू दिले जात नव्हते, ज्यांची वरात पाटलाच्या वाड्यासमोरून वाजत जाऊ शकत नव्हती, त्यांच्या घरी आज वाजंत्री वाजते तेव्हा त्यात उधळपट्टीबरोबर आणखीही काही असते. पिढीजात वाडा असलेल्याने दीडशे माणसांत लग्न केले तर त्याला विचारवंत म्हणतात. आमच्यातल्याने केले तर ऐपत नव्हती म्हणतात. आणि ज्याला जातपंचायत किंवा भावकी वाळीत टाकू शकते त्याच्या बाबतीत निर्णयाची किंमतच वेगळी असते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधी पंचांना नाही म्हणणाऱ्याच्या पाठीशी असा वेगळा कायदा नव्हता. दंड भरणार नाही, पंचांसमोर उभा राहणार नाही, असे म्हणण्याचे वैयक्तिक धाडस ज्यांनी आधी केले त्यांच्यामुळे तो कायदा आला, आणि तो आल्यामुळे आता त्यांच्याइतके धाडस नसलेल्या माणसालाही नाही म्हणता येऊ लागले.

टेंभू_शाखा (आटपाडी तालुका, जि. सांगली)

मी शेतकरी आहे. पाण्याचा विषय आहे म्हणून आधी हिशेब मांडतो.

एक एकर उसाला पाटाने तीन इंच पाणी दिले तर एका पाळीला सुमारे तीन लाख लिटर लागते. उसाला वर्षभरात अशा पंचवीस-तीस पाळ्या होतात. आता पाच माणसांच्या एका घराने आंघोळ, भांडी, धुणे यांत काटकसर करून रोज शंभर लिटर वाचवले, तर वर्षाला साडेछत्तीस हजार लिटर झाले. म्हणजे एका एकराच्या एका पाळीइतके पाणी साठवायला त्या घराला आठ वर्षे लागतील. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, तेव्हा पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने ती गाडी पाहिली. तेवढे पाणी दोन एकर उसाच्या एका पाळीलाही पुरले नसते.

याचा अर्थ बादलीने आंघोळ करू नये असा मी काढत नाही. मी स्वतः बादलीनेच करतो, आमच्याकडे दुसरी सोयच नव्हती. पण दुष्काळाचा दोष घराघरांत वाटून दिला की कोणाच्या चारीला किती सुटले हे विचारणारे कोणी राहत नाही. हे आपल्याकडेच होते असे नाही. ‘तुमचे कार्बनचे पदचिन्ह मोजा’ ही कल्पना २००४ नंतर घराघरांत पोहोचवण्यात ब्रिटिश पेट्रोलियम या तेलकंपनीच्याच जाहिरातींचा मोठा वाटा होता. तेल काढणाऱ्याने गाडी चालवणाऱ्याला हिशेब विचारायचा, आणि गाडी चालवणाऱ्याने मान खाली घालायची.

आमच्या भागात पाणी आले ते वेगळ्या वाटेने. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्षाच्या नावाने एकत्र आले. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. तीच थोडी वाळू स्वतः विकून लोकांनी बळीराजा धरण बांधले. त्या धरणाचा नियम असा की पाणी जमिनीवर नाही, कुटुंबावर मोजायचे. भूमिहीनालाही तेवढाच वाटा. पुढे १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या, नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासारखी माणसे पुढे होती, आणि कऱ्हाडजवळच्या टेंभूहून उचललेले कृष्णेचे पाणी आमच्या तालुक्यात समन्यायी पद्धतीने वाटावे ही मागणी लावून धरली गेली. मी पोरगा असताना वडिलांच्या सायकलवर पुढे बसून त्या परिषदेला जात असे. तिथे आलेल्या शेकडो माणसांत विडी ओढणारे होते, हुंडा घेतलेले होते, नवस करणारे होते. तिथे कोणाची झडती झाली नाही.

एका बाबतीत मात्र झडती होती. चारीवर चोरून मोटर टाकणाऱ्याला त्या मंडपात बोलता येत नसे. निदान आमच्या गावचा नियम तसा होता. आपण जे सरकारकडे मागतो ते आपण शेजाऱ्याला नाकारता कामा नये, एवढीच अट होती, आणि ती अट मोडल्यावर माझ्या सख्ख्या चुलत्यांना दोन वर्षे बैठकीत मागे बसावे लागले. वडिलांनी स्वतः त्यांना सांगितले होते.

म्हणून ताई, आपल्या घागरींकडे मी त्या नजरेने पाहतो. अण्णांनी दोन हजार पाने उठवली ही त्यांची आणि त्यांच्या सोयऱ्यांची गोष्ट. पण टँकर कोणत्या विहिरीवर भरला? ती विहीर गावाची असेल, आणि वस्तीची पाळी चुकवून भरला असेल, तर ती आपल्या गटाची गोष्ट आहे. हे आधी शोधा.

नेर_तलाव (खटाव तालुका, जि. सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण टेंभू शाखा यांनी विचारलेला प्रश्न आम्ही कोणीच विचारला नव्हता आणि त्याचे उत्तर शोधल्याशिवाय लिहिणे बरोबर वाटले नाही.

टँकर गावविहिरीवरच भरले होते. पहाटे, वस्तीची पाळी असताना. अण्णांना ते माहीत नव्हते, मांडववाल्याने परस्पर भरून आणले होते; पण पैसे अण्णांनीच दिले होते आणि ‘कुठून आणलेस’ हे त्यांनी विचारले नव्हते. मी आणि घागर घेऊन उभी असलेली ती सभासद, आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. अण्णांच्या पत्नीने चहा ठेवला. अण्णा बराच वेळ गप्प होते, मग त्यांनीच सांगितले की दोन हजार पानांची यादी मुलाकडच्यांची होती आणि त्यासाठी काढलेले साडेचार लाखांचे कर्ज अजून सहा वर्षे चालेल. जुना फळा सरांच्या आईंच्या लग्नाची हकिगत मी त्यांना माझ्या फोनवर वाचून दाखवली. अर्ध्यावर ते उठून अंगणात गेले.

बैठकीत अकराव्या कलमासह आठ कलमे वगळली. हुंडा, चारीवरची चोरटी मोटर आणि सार्वजनिक विहिरीवरून खासगी टँकर, ही तीन ठेवली, आणि तीही सहीसाठी नव्हे तर मोडल्यास बैठकीत जाब देण्यासाठी. ज्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिले होते त्यांच्यापैकी दोघांना हे पटले नाही आणि ते गट सोडून गेले. त्यांची बाजूही मनात राहते. त्यातला एक जण गेली दोन वर्षे खरोखर सायकलनेच फिरतो आणि आमच्यात सर्वांत नियमित काम त्याचेच होते. त्याच्या घरी मी पुन्हा जाणार आहे.

ग्रामसभेपुढे ठेवायचा ठराव तयार आहे. लग्नकार्यासाठी टँकर भरायचा असेल तर वस्तीच्या पाळीनंतरच, आणि भरणाऱ्याचे नाव व वेळ फळ्यावर लिहून. हा मुद्दा घागरवालीने सुचवला आणि ग्रामसभेत तीच मांडणार आहे. गेले चार दिवस ती संध्याकाळी माझ्याकडे येऊन मोठ्याने वाचण्याचा सराव करते आहे. राहून गेलेला आवर्तनाचा अर्जही काल दिला. त्याला जोडलेल्या चारीच्या नोंदी अण्णांनी रात्री बसून नव्याने उतरवून दिल्या. पोच दप्तरात लावली आहे.